लिनक्सवर खेळ चालतात. अडते ते परवानगीपाशी

नवी दिल्ली : मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि असंख्य घरांतील संगणकांसमोर एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो. २०१६-१७ च्या सुमारास घेतलेले, एरवी धडधाकट असलेले अनेक संगणक या अटीत बसत नाहीत. सुरक्षाविषयक सुधारणा आणखी एक वर्ष मिळवण्याची सोय कंपनीने ठेवली आहे. पण ती मुदतवाढ आहे, तोडगा नव्हे. नवा संगणक घ्यायचा नसेल तर लिनक्स हा विनामूल्य पर्याय समोर असतो. पत्रव्यवहार, हिशेब, इंटरनेट, चित्रपट यांसाठी तो पुरेसा आहे, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. निर्णय अडतो तो घरातील तरुण मंडळींच्या एका प्रश्नावर : यावर आमचे गेम चालतील का?

दहा वर्षांपूर्वी या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘बहुतेक नाही’ असे होते. आज त्याचे उत्तर एका प्रतिप्रश्नाने द्यावे लागते : कोणत्या प्रकारचे गेम? कारण लिनक्सवर एखादा खेळ चालेल की नाही, हे आता संगणकाच्या ताकदीवर किंवा वापरणाऱ्याच्या तांत्रिक कौशल्यावर जेवढे अवलंबून आहे, त्याहून अधिक ते खेळाच्या प्रकारावर आणि त्याच्या प्रकाशकाच्या मर्जीवर अवलंबून आहे. तंत्राचा प्रश्न बराचसा सुटला आहे. उरला आहे तो परवानगीचा प्रश्न, आणि तो कोणत्याही प्रोग्रॅमरला एकट्याने सोडवता येण्यासारखा नाही.

संगणकावरील खेळांच्या विक्रीचे सर्वांत मोठे दालन असलेल्या ‘स्टीम’च्या मासिक पाहणीत लिनक्स वापरणाऱ्यांचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथमच तीन टक्क्यांच्या वर गेला. त्या वेळी विंडोजचा वाटा सुमारे ९५ टक्के होता. तीन टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु अनेक वर्षे तो एक टक्क्याच्या आसपास रेंगाळत होता, हे लक्षात घेतले म्हणजे बदलाची दिशा कळते. शिवाय या तीन टक्क्यांत चतुर्थांशाहून अधिक मंडळी स्टीमच्याच मालक कंपनीची, म्हणजे व्हॉल्व्हची, ‘स्टीमओएस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली वापरतात. म्हणजे ही वाढ निव्वळ हौशी मंडळींची नाही. तिच्यामागे एका बलाढ्य दुकानदाराचा हात आहे.

हौशी मंडळींचा काळ मात्र विसरण्यासारखा नाही. लिनक्सवर व्यावसायिक खेळ आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने केला. १९९८ मध्ये सुरू झालेली ही कंपनी गाजलेल्या खेळांचे हक्क परवान्याने घेऊन त्यांची लिनक्ससाठी आवृत्ती तयार करीत असे. खेळ येईपर्यंत विंडोजवर तो जुना झालेला असे, ग्राहक मोजके असत आणि २००२ च्या प्रारंभी कंपनीला टाळे लागले. तिच्या कारकिर्दीतून मागे उरले ते मुख्यतः साधनसाहित्य. तिच्या एका प्रोग्रॅमरने विकसित केलेले ‘एसडीएल’ हे मुक्त साधन आजही शेकडो खेळांच्या पायात आहे.

संचाने घडवलेली रुची

या गोठलेल्या बाजाराला मे २०१० मध्ये अनपेक्षित ऊब मिळाली. वुल्फायर गेम्स या छोट्या कंपनीने ‘हम्बल इंडी बंडल’ नावाचा खेळांचा संच विक्रीस काढला. ‘वर्ल्ड ऑफ गू’, ‘अक्वेरिया’, ‘गिश’, ‘लुगारू’ आणि ‘पेनम्ब्रा : ओव्हरचर’ हे पाच खेळ त्यात होते. किंमत ग्राहकाने ठरवायची, त्यातील किती वाटा निर्मात्यांना आणि किती धर्मादाय संस्थांना द्यायचा हेही त्यानेच ठरवायचे, खेळाच्या फाइलवर कोणतेही कुलूप नाही आणि सर्व खेळ विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर उपलब्ध, अशी ती योजना होती. काही दिवसांत तिने १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली.

त्या विक्रीतील एक आकडा पुढे अनेकांनी उद्धृत केला. विंडोज वापरणाऱ्यांनी सरासरी आठ डॉलरच्या आसपास दिले, मॅक वापरणाऱ्यांनी दहाच्या आसपास, आणि लिनक्स वापरणाऱ्यांनी चौदा डॉलरहून अधिक. ‘फुकट्यांची प्रणाली’ म्हणून जिची टिंगल होत असे, तिच्या वापरकर्त्यांनी मोकळीक मिळताच सर्वांत अधिक पैसे मोजले. यातून लिनक्सचे ग्राहक उदार असतात असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण अधिक नेमका अर्थ असा, की ज्यांना आजवर कोणी विचारलेच नव्हते, त्यांनी विचारल्याबद्दल कृतज्ञता दाखवली. कृतज्ञतेवर बाजारपेठ फार काळ उभी राहत नाही, हेही पुढे दिसून आले.

तथापि या संचांनी एक रुची घडवली. डिसेंबर २०१० च्या दुसऱ्या संचात ‘ब्रेड’ आणि ‘मशिनेरियम’ होते. २०१२ च्या पाचव्या संचात ‘बॅस्टियन’, ‘लिम्बो’, ‘सायकोनॉट्स’, ‘अॅम्नेशिया’ होते. कोडी, उड्यांचे खेळ, एकट्याने अनुभवायच्या कथा, भयकथा असे हे खेळ छोट्या चमूंनी बनवलेले आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालणारे होते. लिनक्सवर खेळणाऱ्यांची ओळख याच प्रकारांशी जोडली गेली. डावपेचांचे खेळ, नगररचनेचे खेळ, कारखाने उभारण्याचा ‘फॅक्टोरिओ’, शेतीचा ‘स्टारड्यू व्हॅली’ हे पुढे त्याच वाटेने आले. ही मंडळी मुळातच शांत खेळ पसंत करतात, असे आजही म्हटले जाते. त्यात तथ्य कमी आणि सोय अधिक आहे. ताटात जे वाढले गेले, त्याचीच चव लागली.

पाचव्या संचातील ‘लिम्बो’ने एक वाद ओढवून घेतला. त्याची लिनक्स आवृत्ती खरी लिनक्स आवृत्ती नव्हती. विंडोजसाठी लिहिलेला खेळ ‘वाइन’ या अनुवादक सॉफ्टवेअरमध्ये गुंडाळून दिला होता, आणि हे काम कोडवीव्हर्स या कंपनीने केले होते. कट्टर समर्थकांनी नाराजी व्यक्त केली; ही फसवणूक आहे, असा सूर निघाला. दोन वर्षांनी ‘लिम्बो’ची अस्सल लिनक्स आवृत्ती आलीही. पण इतिहासाने कौल दिला तो गुंडाळलेल्या खेळाच्या बाजूने.

दुभाष्याची कामगिरी

व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी २०१२ मध्ये विंडोज ८ वर कडक टीका केली होती. मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्येच स्वतःचे दुकान उघडले तर स्टीमचे काय होईल, ही भीती त्यामागे होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये विविध उत्पादकांनी बनवलेली ‘स्टीम मशिन’ नावाची यंत्रे बाजारात आली आणि सपशेल पडली. कारण उघड होते. तेवढ्याच पैशात मिळणाऱ्या विंडोज संगणकावर सगळे खेळ चालत. या यंत्रावर लिनक्ससाठी मुद्दाम बनवलेले तेवढेच चालत. निर्माते ग्राहक नाहीत म्हणून लिनक्सकडे येत नव्हते आणि ग्राहक खेळ नाहीत म्हणून येत नव्हते.

हे दुष्टचक्र तोडण्यासाठी व्हॉल्व्हने निर्मात्यांची मनधरणी करणे जवळजवळ सोडून दिले. ऑगस्ट २०१८ मध्ये तिने ‘प्रोटॉन’ आणला. १९९३ पासून विकसित होत असलेले वाइन, खेळाच्या विंडोजी चित्र-आज्ञांचे ‘व्हल्कन’ या खुल्या मानकात रूपांतर करणारे ‘डीएक्सव्हीके’ आणि त्याच कोडवीव्हर्स कंपनीचे श्रम यांच्या मिश्रणातून तो सिद्ध झाला. प्रोटॉन हा दुभाष्या आहे. खेळ विंडोजच्या भाषेत मागणी करतो; प्रोटॉन ती लिनक्सच्या भाषेत पुढे पोहोचवतो आणि उत्तर परत आणून देतो. खेळाला आपण परक्या घरी आहोत याची जाणीवही होत नाही. निर्मात्याला काहीच करावे लागत नाही, हेच त्याचे खरे बळ.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ३९९ डॉलरपासून पुढे किंमत असलेला ‘स्टीम डेक’ हा हातात धरून खेळण्याचा संगणक याच पायावर आला. पहिल्या विक्रीयादीत भारत नव्हता. डेकमुळे प्रकाशकांना प्रथमच लिनक्सची दखल घ्यावी लागली, कारण स्टीमच्या दुकानात प्रत्येक खेळापुढे ‘डेकवर पडताळलेला’, ‘खेळता येण्याजोगा’ किंवा ‘असमर्थित’ असा शिक्का दिसू लागला. ‘एल्डन रिंग’सारखा अवजड खेळ त्यावर चालला, ‘बाल्डर्स गेट ३’च्या निर्मात्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये डेकसाठी स्वतंत्र आवृत्तीच दिली.

यावर लिनक्स समर्थकांत दोन तट आहेत. एका गटाच्या मते प्रोटॉनने अस्सल लिनक्स आवृत्त्यांचा गळा घोटला. विंडोजचा खेळ तसाच चालतो म्हटल्यावर वेगळी आवृत्ती कोण बनवणार? आक्षेप खोटा नाही. परंतु अस्सल आवृत्त्यांचा अनुभवही फारसा गौरवास्पद नव्हता. मार्च २०२० मध्ये ‘रॉकेट लीग’ने लिनक्स आणि मॅकचा आधार काढून घेतला आणि पैसे भरलेल्या ग्राहकांना परताव्याचा मार्ग धरावा लागला. अनेक जुन्या लिनक्स आवृत्त्या निर्मात्यांनी वाऱ्यावर सोडल्या असून, आज त्यांच्यापेक्षा विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून अधिक चांगली चालते, असा अनुभव वारंवार येतो. छोट्या निर्मात्यांच्या दृष्टीने तर प्रोटॉन वरदानच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ यासारखे काम मोजक्या माणसांच्या बळावर उभे राहते. अशा चमूने दर प्रणालीसाठी वेगळी आवृत्ती बनवावी, ही अपेक्षा तत्त्वाला धरून असली तरी व्यवहाराला धरून नाही.

गाभ्यात कोणाला प्रवेश?

आता खरा अडथळा. डावपेचांचे, नगररचनेचे, कोड्यांचे, कथाप्रधान, भूमिका निभावण्याचे आणि एकट्याने खेळायचे बहुसंख्य खेळ आज लिनक्सवर सुरळीत चालतात. जे चालत नाहीत, ते बहुतांशी एकाच कुळातील आहेत : अनोळखी लोकांशी ऑनलाइन स्पर्धा असलेले नेमबाजीचे आणि ‘बॅटल रॉयल’ प्रकारचे खेळ. ‘व्हॅलोरंट’, ‘फोर्टनाइट’, ‘बॅटलफिल्ड ६’ ही त्यातील ठळक नावे. ते न चालण्याचे कारण त्यांची चित्रे जड आहेत किंवा प्रोटॉन कच्चा आहे, हे नव्हे. त्यांच्यासोबत येणारी फसवणूक-प्रतिबंधक यंत्रणा, म्हणजे अँटी-चीट, लिनक्सला दारातच अडवते.

अशा खेळांत भिंतीपलीकडचे दाखवणारे किंवा नेम आपोआप धरणारे बेकायदा प्रोग्रॅम वापरले जातात. ते पकडण्यासाठी काही कंपन्या आपली यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसवतात. ‘व्हॅलोरंट’ची ‘व्हॅनगार्ड’ तर संगणक सुरू होतानाच जागी होते. ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा खेळ लिनक्सवर वाइनच्या साह्याने वर्षानुवर्षे खेळला जात होता. २०२४ मध्ये त्यात व्हॅनगार्ड आले आणि ती वाट बंद झाली.

याला केवळ तांत्रिक मर्यादा म्हणता येत नाही. ‘ईझी अँटी-चीट’ आणि ‘बॅटलआय’ या दोन मोठ्या यंत्रणांनी प्रोटॉनला आधार देत असल्याचे सप्टेंबर २०२१ मध्येच जाहीर केले. मात्र तो आधार चालू करायचा की नाही, हे प्रत्येक प्रकाशकाच्या हाती आहे. ‘एल्डन रिंग’ने तो चालू ठेवला. ‘एपेक्स लेजंड्स’ने आधी चालू केला आणि ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बंद केला. लिनक्सच्या मोकळेपणाचा फायदा फसवणूक करणारे घेतात, आणि प्रामाणिक लिनक्स खेळाडूंची संख्या एवढी नाही की त्यासाठी इतरांचा खेळ नासवावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या ऑनलाइन विभागात सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आले आणि डेकवर तो चालेनासा झाला, जरी बॅटलआयची प्रोटॉनसोय उपलब्ध होती. दुसऱ्या बाजूस व्हॉल्व्हचे स्वतःचे ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ हे तितकेच स्पर्धात्मक खेळ लिनक्सवर अस्सल स्वरूपात चालतात. अर्थात ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये फसवणूक होत नाही, असे त्याचे खेळाडूही म्हणणार नाहीत.

प्रकाशकांची चिंता नाटकी नाही. एक फसवा खेळाडू नऊ जणांची संध्याकाळ वाया घालवतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला लिनक्सच्या स्वातंत्र्यावरचे व्याख्यान नको असते. परंतु चिंतेचे नेमके स्वरूप समजून घेतले पाहिजे. भारतात कोट्यवधी लोक मोबाइलवर ‘बीजीएमआय’सारखे बॅटल रॉयल खेळतात, आणि अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच आहे. तेथे प्रकाशकांना लिनक्स चालते, कारण अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी छेडछाड करणे सामान्य ग्राहकाला सहज शक्य नसते आणि तशी ती केल्याचे खेळाला बरेचदा ओळखता येते. म्हणजे आक्षेप लिनक्सवर नाही. आक्षेप आहे तो संगणकाच्या मालकालाच त्याच्या संगणकावर पूर्ण ताबा असण्यावर. डेस्कटॉपवरील लिनक्सचा सारा अभिमान ज्या गोष्टीत आहे, तीच येथे अपात्रता ठरते.

हा ताबा बाहेरच्या कंपनीकडे सोपवण्याची किंमतही असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष सुधारणा विंडोजच्या गाभ्यात गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक ठप्प झाले. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. ती कंपनी खेळांच्या क्षेत्रातील नव्हती, पण जागा तीच होती. त्यानंतर सुरक्षा सॉफ्टवेअरला गाभ्याबाहेर राहून काम करता यावे, अशी रचना करण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. खेळांच्या कंपन्याही त्या मार्गाने गेल्या, तर लिनक्सवरील बंदीचा एक मोठा आधार आपोआप ढासळेल. मात्र त्या जातीलच असे मानण्यास आज तरी कारण नाही; ‘बॅटलफिल्ड ६’ने ऑक्टोबर २०२५ मध्ये येताना ‘सिक्युअर बूट’चीही अट घातली.

भारतापुरता याचा एक वेगळा पैलू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन देण्याची भूमिका घेतली. दुसरीकडे केंद्राचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ पासून आहे; सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली त्याहून जुनी आहे; केरळच्या सरकारी शाळांत तर मुले लिनक्सवरच संगणक शिकतात. परंतु संगणकावरील ई-स्पोर्ट्समधील अनेक प्रमुख खेळ नेमके विंडोजच्या गाभ्याशी बांधलेल्या प्रकारात मोडतात. शाळेत लिनक्स शिकलेल्या मुलाला ‘व्हॅलोरंट’च्या स्पर्धेत उतरायचे असेल, तर विंडोज चालवणारा संगणक घेण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. दोन्ही धोरणे आपापल्या जागी ठीक आहेत. त्यांची एकमेकांशी गाठ पडलेली नाही, एवढेच.

आणि ज्या संचांनी ही कहाणी सुरू केली, त्यांचे काय झाले? हम्बल बंडल २०१७ मध्ये आयजीएनच्या मालकीची झाली. कुलूप नसलेल्या फाइलींची जागा हळूहळू स्टीमवर खेळ सक्रिय करणाऱ्या ‘की’ने घेतली. फेब्रुवारी २०२२ पासून तिच्या मासिक योजनेतील कुलूपमुक्त खेळांसाठी केवळ विंडोजचे ॲप राहिले. मॅक आणि लिनक्स आवृत्त्या काढून टाकण्यात आल्या. ज्या ग्राहकांच्या चौदा डॉलरची एकेकाळी जाहिरात झाली, त्यांना दाराबाहेर काढायला फारसा गाजावाजा लागला नाही. विशेष म्हणजे त्याच महिन्यात स्टीम डेक बाजारात येत होता.

संच आजही स्वस्त पडतात आणि रुपयांत हिशेब करणाऱ्या ग्राहकाला त्यांचे आकर्षण राहणारच. पण २०१० च्या संचात खेळ मिळत असे, आजच्या बहुतेक संचांत स्टीमच्या खात्यातील एक नोंद मिळते. ती नोंद म्हणजे मालकी नव्हे, परवाना आहे, हे कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमला पैसे भरण्याच्या पानावरच लिहावे लागले. याचा दुसरा अर्थ असा, की लिनक्सवरील खेळांचा संसार आज जवळजवळ एकाच खासगी दुकानाच्या छपराखाली नांदतो आहे. प्रोटॉनचा स्रोत खुला आहे, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. व्हॉल्व्हने उद्या हात काढून घेतला तरी तो इतरांना पुढे नेता येईल. एपिकने लिनक्ससाठी स्वतःचे अधिकृत दालन दिलेले नसताना स्वयंसेवकांनी ‘हिरोइक’ नावाचे दालन उभे केले, ते याच खुलेपणामुळे.

व्हॉल्व्हने १२ नोव्हेंबर २०२५ रोजी दिवाणखान्यात ठेवण्याजोग्या नव्या ‘स्टीम मशिन’ची घोषणा केली आणि ते २०२६ मध्ये आणण्याचा मानस व्यक्त केला. नाव दहा वर्षांपूर्वीच्या फसलेल्या यंत्राचेच आहे. त्या वेळी खेळ नव्हते. या वेळी हजारो आहेत. नसतील ते नेमके मित्रांसोबत रात्री खेळले जाणारे काही खेळ, आणि दिवाणखान्यातील यंत्राला त्यांचीच उणीव सर्वांत आधी जाणवते. हे यंत्र पुरेसे खपले, तर तीन टक्क्यांसाठी प्रकाशकांनी जो हिशेब केला तो त्यांना पुन्हा मांडावा लागेल.

तोपर्यंत जुन्या संगणकावर लिनक्स बसवू पाहणाऱ्यांनी आधी आपल्या खेळांची यादी काढावी. यादीत ‘सिव्हिलायझेशन’, ‘हेडीस’, ‘स्टारड्यू व्हॅली’ अशी नावे असतील तर चिंता नाही. नवा खेळ घेतला आणि तो चाललाच नाही, तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास स्टीम पैसे परत देते. यादीत सर्वांत वर ‘व्हॅलोरंट’ असेल, तर मात्र विंडोज पुसून टाकण्याची घाई करू नये.